शहराचे दिवाळे आणि नागरिकांचा हिशेब

हिशेबाचा विषय निघाला की चळवळीतील कार्यकर्त्याचे लक्ष उडते, ही जुनी गोष्ट आहे. पाणी, घरभाडे, झोपडपट्टी, सफाई कामगारांचे वेतन यांवर तो तासन् तास बोलेल, मोर्चा काढील, प्रसंगी तुरुंगातही जाईल. परंतु ज्या अंदाजपत्रकात या साऱ्या प्रश्नांचा निकाल लागतो ते हाती दिले, तर दोन पाने उलटून बाजूला ठेवील. आकडेमोड हे सावकाराचे किंवा कारकुनाचे काम आहे, अशी समजूत डाव्या राजकारणात खोलवर रुजलेली आहे. ही समजूत श्रमिकांना किती महाग पडू शकते, याचा धडा ज्या शहराच्या इतिहासात लख्खपणे लिहिलेला आहे ते शहर न्यूयॉर्क होय, आणि तो काळ १९७५ चा.

जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्राच्या या सर्वांत मोठ्या शहराच्या तिजोरीत १७ ऑक्टोबर १९७५ रोजी त्या दिवशी फेडावयाच्या कर्जापुरतेही पैसे नव्हते. नादारीचे कागद तयार ठेवण्यात आले होते. अखेर शिक्षकांच्या संघटनेने आपल्या सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीतून १५ कोटी डॉलर शहराच्या मदतीसाठी काढलेल्या रोख्यांत गुंतविण्यास संमती दिली, तेव्हा कुठे त्या दिवसापुरते दिवाळे टळले. ज्या बँकांनी वर्षानुवर्षे या शहराच्या कर्जांवर व्याज आणि दलाली मिळविली होती, त्यांनी हात आखडता घेतला होता. आणि ज्या शिक्षकांच्या नोकऱ्यांवर कुऱ्हाड चालू होती, त्यांच्याच म्हातारपणाच्या पुंजीने शहराची अब्रू राखली. या घटनेला अर्धशतक उलटून गेले आहे. तरीही तिच्यातून निघणारा प्रश्न शिळा झालेला नाही. शहर कडेलोटापर्यंत पोहोचत असताना त्या शहरातील कष्टकऱ्यांना ते कळले का नाही?

मंदीच्या कात्रीत सापडलेले शहर

न्यूयॉर्कचे कर्ज ऐषआरामातून उभे राहिले नव्हते, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तेथील संघटित कामगारवर्गाने आपल्या शहरात जे मिळविले, ते अमेरिकेत इतरत्र क्वचितच कोणाला मिळाले होते. सार्वजनिक रुग्णालयांचे मोठे जाळे होते, माफक दरातील भुयारी रेल्वे होती, महापालिकेची घरे होती आणि १८४७ पासून शुल्काविना उच्च शिक्षण देणारी महाविद्यालये होती. एका भांडवलशाही देशाच्या आर्थिक राजधानीत, वॉल स्ट्रीटच्या पायथ्याशी, समाजवादी विचाराचा एक अंश प्रत्यक्षात उतरला होता.

परंतु या सुविधांचा आर्थिक पायाच त्याच काळात खचत गेला. केंद्र सरकारच्या महामार्ग आणि गृहकर्जविषयक धोरणांनी मध्यमवर्गीय गोऱ्या कुटुंबांना उपनगरांची वाट दाखविली. कारखाने शहर सोडून गेले. दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेले गरीब स्थलांतरित शहरात आले, तेव्हा त्यांच्या वाट्याला येतील असे रोजगार नाहीसे होत होते. १९६९ नंतरच्या सात-आठ वर्षांत शहराने पाच लाखांहून अधिक नोकऱ्या गमावल्या. १९७० ते १९८० या दशकात लोकसंख्याही आठ लाखांहून अधिक घटली. त्यातच १९७३ च्या अखेरीस तेलाच्या किमती भडकल्या आणि १९७५ पर्यंत टिकलेल्या मंदीने अमेरिकेला घेरले.

मंदीत शहराची अवस्था राष्ट्राहून बिकट असते. राष्ट्र नोटा छापू शकते, तुटीचे अंदाजपत्रक मांडू शकते, व्याजाचे दर हलवू शकते. शहराच्या हाती यांतले काहीच नसते. विक्रीकर आणि प्राप्तिकर यांचे उत्पन्न घटते, त्याच वेळी रुग्णालयांत रांगा वाढतात आणि मदत मागणारी कुटुंबे दारात उभी राहतात. न्यूयॉर्कच्या बाबतीत तर राज्याच्या कायद्याने निर्वाहसाहाय्याचा आणि गरिबांच्या वैद्यकीय मदतीचा सुमारे एक-चतुर्थांश भार शहरावरच टाकलेला होता. राष्ट्रीय दारिद्र्याचे बिल शहराच्या नावाने फाडले जात होते. हा अन्याय होता, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, या अन्यायाविरुद्ध उघड लढा देण्याऐवजी शहराच्या राज्यकर्त्यांनी काय केले?

आकड्यांची हातचलाखी

त्यांनी हिशेब लपविला. न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणे शहराचे अंदाजपत्रक समतोल असणे सक्तीचे होते, आणि ते दरवर्षी कागदावर समतोलच असे. हा चमत्कार साधणाऱ्या युक्त्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेण्याजोग्या आहेत, कारण त्या कोणत्याही देशातील, कोणत्याही पालिकेत उपयोगी पडतात.

पहिली युक्ती महसुली खर्च भांडवली खात्यात घालण्याची. शाळा, पूल, जलवाहिन्या यांसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज काढणे रास्त असते, कारण त्यांचा उपयोग पुढील पिढ्यांना होतो आणि परतफेडीचा वाटाही त्यांनी उचलणे न्याय्य ठरते. पण नेहमीचे पगार आणि चालू खर्च याच खात्यात दाखविले, तर त्याचा अर्थ आजच्या जेवणाचे पैसे नातवाच्या नावावर मांडणे असा होतो. न्यूयॉर्कमध्ये हे वर्षानुवर्षे चालले, आणि राज्याच्या विधिमंडळाने त्याला कायद्याची संमती दिली.

दुसरी युक्ती न येणाऱ्या उत्पन्नावर कर्ज काढण्याची. मालमत्ताकराची वसुली व्हावयाची आहे, राज्याचे अनुदान यावयाचे आहे, अशा भावी उत्पन्नाच्या आधारे अल्पमुदतीचे रोखे विकले जात. यात मूलतः गैर काही नाही. शेतकरीही पीक हाती येण्यापूर्वी उचल घेतो. पण पेरलेच नाही त्या पिकावर उचल घेतली तर? ओसाड पडलेल्या, मालकांनी टाकून दिलेल्या इमारतींचा कर, इतकेच नव्हे तर खुद्द शहराच्याच ताब्यात आलेल्या मालमत्तेचा करही ‘येणे’ म्हणून दाखविला जात होता. राज्याच्या लेखापरीक्षकांनी पुढे तपासणी केली, तेव्हा सुमारे ५० कोटी डॉलरच्या थकित मालमत्ताकरापैकी चार-पंचमांश रक्कम वसूल होण्याजोगीच नव्हती, असे निष्पन्न झाले.

तिसरी युक्ती पंचांगाची. आर्थिक वर्ष ३० जूनला संपे. तेव्हा उत्पन्न हाती येण्यापूर्वीच चालू वर्षात जमा धरावयाचे आणि खर्च मात्र पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत नोंदवायचाच नाही, असा दुटप्पी नियम होता. शिक्षकांचा अखेरचा पगार पुढच्या वर्षात ढकलला की तेवढी तूट नाहीशी झाली! पुढच्या वर्षी ती व्याजासह परत येई, मग ती त्याच्या पुढच्या वर्षात ढकलली जाई.

या साऱ्याचा परिणाम म्हणून १९७५ पर्यंत शहराचे एकूण कर्ज सुमारे १४ अब्ज डॉलरवर गेले, आणि त्यातील जवळजवळ ६ अब्ज अल्पमुदतीचे होते. शहराचा वार्षिक खर्च सुमारे १२ अब्जांचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या बोजाची कल्पना येईल. जुने रोखे फेडण्यासाठी नवे रोखे, नवे फेडण्यासाठी आणखी नवे, असे हे चक्र फिरत होते. १९७४ च्या अखेरीस या करमुक्त रोख्यांवरील व्याज साडेनऊ टक्क्यांच्या घरात पोहोचले होते.

यात कोणी एकटाच दोषी नव्हता. महापौराला करवाढ टाळता येत होती, विधिमंडळाला अनुदान टाळता येत होते, बँकांना करमुक्त व्याज मिळत होते, आणि कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांना करारांत वेतनवाढ मिळत होती. खोटा हिशेब सर्वांच्या सोयीचा होता. जानेवारी १९७४ मध्ये महापौर झालेले अब्राहम बीम हे व्यवसायाने लेखापाल होते आणि त्याआधी शहराचे कंट्रोलर, म्हणजे मुख्य हिशेबनीस होते. हिशेब जाणणारा माणूस सत्तेवर असला की हिशेब खरा असतो, हा भ्रम निदान या एका उदाहरणाने दूर व्हावा.

आणीबाणीचा कारभार

फेब्रुवारी १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या नगरविकास महामंडळाने आपले देणे चुकविले आणि गुंतवणूकदारांचे धाबे दणाणले. वसंत ऋतू येईपर्यंत शहराचे रोखे विकण्यास बँका तयार होईनात. जूनमध्ये राज्याने ‘म्युनिसिपल असिस्टन्स कॉर्पोरेशन’ हे महामंडळ स्थापन केले. शहराचा विक्रीकर आणि शेअर-हस्तांतरणावरील कर या महामंडळाकडे वळविण्यात आला, जेणेकरून त्याच्या रोख्यांवर धनकोंचा विश्वास बसावा. त्याचे धोरण ठरविण्यात गुंतवणूक-बँकेचे भागीदार फेलिक्स रोहाटिन यांचा पुढाकार होता. एवढ्यानेही भागेना, तेव्हा सप्टेंबरमध्ये आणीबाणी अर्थनियंत्रण मंडळ आले. त्याचे सभासद सात होते. गव्हर्नर, महापौर, राज्याचा आणि शहराचा कंट्रोलर हे चार, आणि गव्हर्नरांनी नेमलेले तीन. हे तिघेही बड्या उद्योगांचे प्रमुख होते. ज्या कामगारांच्या निवृत्तिवेतनाच्या पैशावर पुढे हे शहर तगले, त्यांचा एकही प्रतिनिधी या मंडळावर नव्हता. शहराची अर्थयोजना, वेतनकरार आणि मोठी कंत्राटे या मंडळाच्या मंजुरीवाचून पुढे जाऊ शकत नव्हती.

भारतातील समाजवाद्यांच्या स्मरणात १९७५ हे वर्ष वेगळ्याच आणीबाणीसाठी कोरलेले आहे. दोहोंची तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल. न्यूयॉर्कमध्ये कोणाला तुरुंगात टाकले गेले नाही, वर्तमानपत्रे चालू राहिली, निवडणुकाही झाल्या. पण निवडून आलेल्यांचे हात बांधून निर्णय दुसरीकडे नेता येतात आणि त्याला ‘शिस्त’ असे नाव देता येते, एवढे साम्य नजरेआड करण्याजोगे नाही.

केंद्र सरकारची भूमिका तर उघड शिक्षेचीच होती. २९ ऑक्टोबर रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी शहराला दिवाळखोरीतून वाचविणाऱ्या कोणत्याही विधेयकावर नकाराधिकार वापरण्याचे जाहीर केले. शहर मेले तरी चालेल, अशा अर्थाचा मथळा दुसऱ्या दिवशी ‘डेली न्यूज’ने छापला. ते शब्द फोर्ड यांनी उच्चारलेले नव्हते, पण त्यांच्या भाषणाचा अर्थ लोकांनी तोच घेतला. पुढे न्यूयॉर्क बुडाले तर देशविदेशातील बँकाही हादरतील, हे ध्यानी आल्यावर डिसेंबरमध्ये वर्षाला २.३ अब्ज डॉलरपर्यंत हंगामी कर्ज देणारा कायदा झाला. त्यावर केंद्राच्या स्वतःच्या कर्जाच्या दरापेक्षा एक टक्का अधिक व्याज आकारण्यात आले. शहराने हे कर्ज व्याजासह फेडले. दानाचा आव आणून दिलेल्या पैशावर केंद्राने नफाच मिळविला.

किंमत कोणी मोजली?

खोट्या हिशेबाचा फायदा सर्वांना थोडाथोडा झाला होता. त्याची किंमत मात्र सर्वांनी सारखी मोजली नाही. हजारो कर्मचारी नोकरीवरून दूर झाले. १९७५ च्या उन्हाळ्यात पाच हजारांच्या आसपास पोलिसांना एका दिवसात घरी पाठविले गेले, पुढे त्यांतील काहींना परत घेण्यात आले. सफाई कामगारांनी संघटनेच्या आदेशाची वाट न पाहता काम बंद केले आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. सप्टेंबरमध्ये भुयारी रेल्वेचे भाडे ३५ सेंटवरून ५० सेंट झाले. वेतनवाढी गोठविल्या गेल्या. मोठमोठ्या कर्मचारी संघटनांच्या निवृत्तिवेतन निधींनी मिळून अडीच अब्ज डॉलरचे रोखे घेण्याचे मान्य केले. कामगार एकाच वेळी नोकरी गमावणारा आणि आपल्या मालकाचा सावकार झाला. आणि आपली पुंजी बुडू नये म्हणून काटकसरीला विरोध करण्याची त्याची ताकदही तेवढीच क्षीण झाली.

सर्वांत बोलका घाव शिक्षणावर पडला. शहराच्या विद्यापीठाने १९७० मध्ये खुल्या प्रवेशाचे धोरण स्वीकारले होते, त्यामुळे कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुलेमुली प्रथमच मोठ्या संख्येने महाविद्यालयांत आली. सहाच वर्षांनी, १९७६ मध्ये, तेथे शुल्क सुरू झाले. १८४७ पासून चाललेली मोफत शिक्षणाची परंपरा नेमकी त्या पिढीपाशी खंडित झाली. आणि याच १९७६ साली, ग्रँड सेंट्रल स्थानकालगतच्या कमोडोर या जुन्या हॉटेलच्या जागी नवे हॉटेल उभारण्यासाठी डोनाल्ड ट्रम्प या तरुण बांधकाम व्यावसायिकाला ४० वर्षांची करसवलत देण्यात आली. मुदत संपेपर्यंत या एका सवलतीपायी शहराने ३५ कोटी डॉलरहून अधिक कर सोडून दिला होता. शेअर-हस्तांतरणाचा करही टप्प्याटप्प्याने परत देण्याचे ठरले, आणि १९८१ पासून वॉल स्ट्रीटला तो पूर्णपणे परत मिळू लागला. पैसा नाही म्हणून विद्यार्थ्याकडून शुल्क घ्यायचे, आणि पैसा यावा म्हणून धनिकाला कर माफ करायचा, हे दोन्ही निर्णय एकाच तर्कशास्त्राची अपत्ये होत.

जेथे लोक संघटित होऊन उभे राहिले, तेथे मात्र काही वाचले. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागातील अग्निशामक केंद्र बंद करण्याचा हुकूम नोव्हेंबर १९७५ मध्ये आला, तेव्हा तेथील कामगार वस्तीने केंद्राचाच ताबा घेतला आणि कित्येक महिने तो सोडला नाही. ब्राँक्समधील होस्टोस महाविद्यालय गुंडाळण्याचा बेत १९७६ मध्ये विद्यार्थी आणि अध्यापक यांनी इमारत ताब्यात घेऊन हाणून पाडला. हे विजय मोलाचे होते. पण ते एकेका केंद्राचे आणि एकेका महाविद्यालयाचे होते. संपूर्ण अंदाजपत्रकाला पर्यायी अंदाजपत्रक उभे करण्याची तयारी तेथील डाव्या शक्तींजवळ नव्हती, कारण अंदाजपत्रकाचे खरे आकडे त्यांनी कधी मागितलेलेच नव्हते.

दोन अर्धसत्ये

या संकटाची दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. धनिकांचे म्हणणे असे की, गरिबांवर आणि कामगारांवर उधळपट्टी केल्याने शहर बुडाले. हे खोटे आहे. नोकऱ्या शहराबाहेर नेणारी धोरणे, केंद्राच्या आणि राज्याच्या जबाबदाऱ्या शहरावर लादणारे कायदे आणि मंदी, ही तुटीची मूळ कारणे होत. शिवाय ज्यांनी उधळपट्टीची ओरड केली, त्याच बँकांनी ते कर्ज विकून पैसा कमावला होता. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाच्या अधिकाऱ्यांनी ऑगस्ट १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, शहराची खरी स्थिती गुंतवणूकदारांपासून दडवून ठेवल्याचा ठपका महापौर आणि कंट्रोलर यांच्याबरोबरच रोखे विकणाऱ्या बड्या बँकांवरही ठेवला. पुढच्याच महिन्यातील पक्षांतर्गत निवडणुकीत बीम पराभूत झाले. बँकांना मात्र कोणतीही निवडणूक लढवावी लागली नाही.

दुसरे स्पष्टीकरण डाव्यांचे. बँकांनी कट करून एका पुरोगामी शहराचे कंबरडे मोडले, असे ते सांगते. संकटाचा उपयोग बँकांनी शहराची दिशा बदलण्यासाठी केला, हे निर्विवाद आहे. परंतु बँकांना ही संधी दिली कोणी? महसुली तूट खरी होती, थकित कर बुडीत होते आणि अल्पमुदतीच्या कर्जाचा फास खरा होता. खोट्या जमाखर्चावर उभी केलेली कल्याणकारी योजना ही श्रमिकांची मिळकत नसते. ती सावकाराच्या मर्जीने दिलेली उसनवारी असते. ज्या दिवशी सावकार मर्जी फिरवितो, त्या दिवशी ती योजना जाते आणि तिच्याबरोबर ती मागणाऱ्यांची नैतिक बाजूही दुबळी होते. मोफत शिक्षणासाठी श्रीमंतांवर कर बसविण्याचा लढा उघडपणे दिला असता, तर कदाचित हार झाली असती. पण ती हार कशासाठी आणि कोणाविरुद्ध हे लोकांना कळले असते. कर्जाच्या पडद्याआड तो लढाच झाला नाही.

पारदर्शकता कोणासाठी?

१९७५ नंतर न्यूयॉर्कचा हिशेब सुधारला, हे मान्य केले पाहिजे. सर्वमान्य लेखातत्त्वे लागू झाली. चार वर्षांची अर्थयोजना तयार करून तिची नियमित फेरतपासणी करण्याची सक्ती झाली. बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून वार्षिक तपासणी सुरू झाली. १९८१ मध्ये नव्या काटेकोर नियमांनुसारही अंदाजपत्रक समतोल झाले, शहर कर्जबाजारात परतले आणि १९८६ मध्ये नियंत्रण मंडळाचे बहुतेक अधिकार स्थगित झाले.

पण ही पारदर्शकता कोणाच्या मागणीवरून आली, याकडे लक्ष दिले पाहिजे. ती धनकोंच्या मागणीवरून आली आणि प्रथम त्यांच्याच उपयोगी पडली. रोखेधारकाला आपले पैसे सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहावयाचे असते. रुग्णालय बंद पडते आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते. हार्लेममधील सिडनहॅम रुग्णालय १९८० मध्ये तीव्र निदर्शनांना न जुमानता बंद झाले, तेव्हा शहराची हिशेबपद्धती पूर्वीपेक्षा कितीतरी निर्दोष होती. नागरिकांना, वार्ताहरांना आणि नगरसेवकांना महापौरापासून स्वतंत्रपणे अंदाजपत्रकाचे विश्लेषण करून देणारे कार्यालय १९८९ च्या सनद-दुरुस्तीने मंजूर झाले आणि प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १९९६ साल उजाडले. धनकोंना काही महिन्यांत जे मिळाले, त्यासाठी नागरिकांना वीस वर्षे थांबावे लागले. हिशेब उघडा करण्याची मागणी श्रमिकांनी केली नाही, तर ती सावकार करतो, आणि मग उघड झालेला हिशेब सावकाराच्या भाषेत लिहिलेला असतो. न्यूयॉर्कच्या साऱ्या कथेचे सार एवढेच आहे.

आपल्या पालिका आणि आपले काम

हा धडा महाराष्ट्राला दूरचा नाही. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे बाजारात आणले. पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये तीच वाट धरली. रोखे काढणे हे पाप नव्हे. पण रोखे आले की पतमापन आले आणि पतमापनाबरोबर पालिकेच्या हिशेबाचा एक नवा, चिकित्सक वाचक येतो. तो वाचक एकटाच असू नये, ही काळजी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी घ्यावयाची आहे.

मुंबईचे उदाहरण तर अधिक जवळचे आहे. जकातीसारखे स्वतःच्या हातातील उत्पन्न १ जुलै २०१७ पासून गेले आणि त्याजागी राज्य सरकारकडून मिळणारी भरपाई आली. त्यानंतर महामारी आणि तिच्याबरोबरची मंदी आली. त्या काळातील सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची विशेष तपासणी महालेखापरीक्षकांकडे सोपविण्यात आली, तेव्हा महामारीवरील सुमारे साडेतीन हजार कोटींच्या खर्चाची कागदपत्रे साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्यांकडे बोट दाखवून पालिकेने दिली नाहीत. ही तपासणी राजकीय हेतूने लावली गेली, असा आक्षेप घेता येईल; त्यात तथ्यही असेल. परंतु संकट आले म्हणून हिशेब दाखविता येत नाही, हा युक्तिवाद कोणत्याही पक्षाच्या तोंडी शोभत नाही. हिशेबाची सर्वाधिक गरज संकटातच असते.

पुढे मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे देशातील या सर्वांत श्रीमंत पालिकेचा कारभार निर्वाचित सभागृहावाचून प्रशासकाच्या हाती राहिला. २०२५-२६ चे ७४ हजार कोटींहून अधिक रकमेचे अंदाजपत्रक आयुक्तांनीच मांडले आणि प्रशासक या नात्याने त्यांनीच ते मंजूर करावयाचे होते. न्यूयॉर्कमध्ये निदान दिवाळे वाजल्यावर सभागृहाचे अधिकार आकुंचित झाले. येथे दिवाळे न वाजताच सभागृह नाहीसे झाले होते, आणि त्याची खंत फारशी कोणाला वाटली नाही.

कार्यकर्त्यांनी यातून कोणते काम हाती घ्यावे? ते अवघड नाही, चिकाटीचे आहे. आपल्या पालिकेचे गेल्या पाच वर्षांचे अंदाज आणि प्रत्यक्ष जमाखर्च शेजारीशेजारी मांडावेत. जे उत्पन्न दरवर्षी फुगवून दाखविले जाते आणि दरवर्षी येत नाही, ते त्यात लगेच दिसेल. मालमत्ताकराच्या थकबाकीपैकी वसूल होण्याजोगी किती आणि बड्या थकबाकीदारांकडे किती, हे विचारावे. कंत्राटदारांची न दिलेली देयके किती आहेत आणि ती कोणत्या वर्षात ढकलली आहेत, हे पाहावे. राखीव ठेवींपैकी कोणत्या निधीतील रक्कम कोणत्या कामासाठी काढली, आणि सफाई कामगारांची भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी वेळेवर भरली गेली की नाही, हे तपासावे. कोणाला किती कर माफ केला, याची यादी मागावी. माहितीचा अधिकार यासाठी आहेच. पण त्या कायद्याच्या चौथ्या कलमाने ही माहिती न मागताच प्रसिद्ध करण्याचे बंधनही पालिकेवर घातलेले आहे, हे ठणकावून सांगावे. आणि मिळालेली माहिती कचेरीच्या कपाटात न ठेवता वॉर्डातील सभेत, साध्या मराठीत वाचून दाखवावी. ज्या बाईच्या नळाला दिवसाआड पाणी येते, तिला भांडवली आणि महसुली खर्चातला फरक समजत नाही असे मानणे हा तिचा अपमान आहे. घरखर्चाला काढलेली उधारी आणि घर बांधायला काढलेले कर्ज यांतला फरक ती कोणत्याही अर्थमंत्र्यापेक्षा चांगला जाणते.

हे काम करणाऱ्याला काही वेळा अडचणीची सत्येही सांगावी लागतील. एखादी लोकप्रिय करमाफी पाण्याच्या किंवा दवाखान्याच्या पैशातून दिली जात असेल, तर ते सांगावे लागेल. आपल्याच मागणीसाठी पैसा कोठून येणार, याचे उत्तर द्यावे लागेल आणि ते उत्तर धनिकांच्या करापर्यंत निर्भयपणे नेऊन पोहोचवावे लागेल. मंदी पुन्हा येईल. ती भांडवली व्यवस्थेच्या स्वभावातच आहे. त्या वेळी पैसा नाही असे सांगणारे पुष्कळ भेटतील. खातेवही ज्यांनी आधीच उघडून वाचलेली असेल, त्यांनाच तेव्हा विचारता येईल की, कोणासाठी पैसा नाही, आणि कोणासाठी आहे.